आधी ऊब, मग पाणी, खाणं शेवटी: हाल झालेल्या बिअर्डेड ड्रॅगनची शुश्रूषा

सोलापुरात बिअर्डेड ड्रॅगन हा परदेशी सरडा पाळणारे आता अगदीच दुर्मीळ राहिलेले नाहीत. पुण्याला शिकायला गेलेला मुलगा हौसेनं एक घेऊन येतो, नोकरी लागली की पेटी आईवडिलांच्या गळ्यात पडते, आणि पुढचे कित्येक महिने तो प्राणी माशांच्या काचपेटीत, एका लाल बल्बखाली, पालकाच्या पानांवर दिवस काढतो. शेवटी कुणीतरी म्हणतं, "तुम्हाला प्राण्यांची आवड आहे ना, मग घेऊन जा की." असा प्राणी तुमच्या पदरात पडला असेल आणि यातलं काहीच माहीत नसेल, तर पुढचं वाचा.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. हाडं वर आलेला जीव पाहिला की हात आपोआप खाण्याकडे जातो. तो आवरा. सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते; बाहेरून शेक मिळाला तरच त्याचं पोट चालतं. थंड अंगाच्या बिअर्डीला (बिअर्डेड ड्रॅगनचं हे लाडकं नाव) अळ्या चारल्या तर त्या पोटातच कुजतात. शिवाय बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरावर एकदम भरपूर अन्न आदळलं की रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस झपाट्यानं खाली येतं आणि हृदय दगा देऊ शकतं. आठवडाभर उपाशी राहून जगलेला प्राणी पहिल्याच पोटभर जेवणानंतर मरतो, तो असा. म्हणून क्रम पाळायचा: ऊब, पाणी, ऊन, आणि खाणं सगळ्यांत शेवटी.

घरात आल्यावर आधी काय पाहायचं

हा खरंच बिअर्डेड ड्रॅगन आहे ना, याची खात्री करा. विचित्र वाटेल, पण "ड्रॅगन" म्हणून घोरपडीचं पिल्लूही कुणी हातात ठेवू शकतं. बिअर्डीचं डोकं त्रिकोणी असतं, गळ्याखाली आणि दोन्ही कुशींना मऊसर काट्यांच्या रांगा असतात, अंग चपटं असतं. घोरपडीची मान लांब, कातडी काट्यांविना आणि जीभ सापासारखी दुभंगलेली. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती घरी ठेवणं गुन्हा आहे. तशी शंका आली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, उपचार करत बसू नका.

बिअर्डीच असेल तर तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. ऑस्ट्रेलियानं वन्यप्राण्यांची व्यापारी निर्यात १९६० च्या दशकातच बंद केली, त्यामुळे आपल्याकडे दिसतात ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले. पूर्ण वाढलेला नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ४५ ते ६० सेंटिमीटर भरतो आणि धडधाकट असेल तर साधारण ३५० ते ५०० ग्रॅम. नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं सहज जगतो.

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, त्यावर प्लास्टिकचा डबा ठेवून वजन करा, वहीत तारीख घालून लिहा. वरून आणि बाजूनं फोटो काढा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोतून कळतो. मग अंगाला फारसा हात न लावता एवढं पाहा: डोक्यावर, डोळ्यांच्या वरच्या बाजूला चरबीच्या दोन उशा असतात, त्या बसल्या आहेत का? कमरेची हाडं आणि शेपटीचं मूळ टोकदार दिसतं का? डोळे खोल गेलेत का, कुशीच्या कातडीला सुरकुत्या आहेत का? चालताना पोट जमिनीवरून उचलतो की घासत नेतो? पाय धनुकलीसारखे वाकलेत का, बोटं थरथरतात का, खालचा जबडा रबरासारखा मऊ किंवा सुजलेला वाटतो का?

शेवटच्या तीन गोष्टींपैकी एक जरी दिसली तरी हाडांचा आजार धरून चाला. कॅल्शियम आणि उन्हातली यूव्हीबी किरणं न मिळाल्यानं शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. अशा प्राण्याला उचलताना छाती आणि कंबर दोन्हींखाली तळवा द्या. शेपटीला किंवा एका पायाला धरून उचलणं म्हणजे हाड मोडणं.

काही गोष्टींत घरी थांबण्यात अर्थ नाही. झटके येणं, नाकातोंडातून फेस किंवा बुडबुडे, शेपटी टोकाकडून काळी पडत वर सरकणं, गुदद्वारातून लालसर मांस बाहेर आलेलं, मागचे पाय ओढत चालणं, किंवा पोट टम्म फुगलेली मादी जी सतत कोपरे उकरते आहे. मादी नराशिवायही अंडी धरते आणि ती अडकली तर दगावते. बाहेर आलेलं मांस कोरडं पडू न देता ओल्या स्वच्छ कापडात ठेवून थेट डॉक्टर गाठा.

पेटी: दवाखाना, देखावा नव्हे

पूर्ण वाढलेल्या बिअर्डीला निदान चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच पेटी हवी. आजारपणात मात्र थोडी लहान चालते, फक्त एक टोक गरम आणि दुसरं गार राहील एवढी लांबी पाहिजे. आतली वाळू, भुसा, अक्रोडाच्या सालींचा चुरा सगळं काढून टाका. अशक्त प्राणी वाळू चाटतो आणि आतडी तुंबतात. खाली जुनी वर्तमानपत्रं. विष्ठा लगेच दिसते, रोज बदलता येतात, फुकट आहेत.

टॉवेल अंथरू नका. सोलापूरकराला हे सांगणं जिवावर येतं, पण आपल्या टेरी टॉवेलच्या फासांत बिअर्डीची नखं अडकतात आणि कमकुवत बोटं उखडतात. उचलायला, पुसायला गुळगुळीत सुती कापड किंवा जुनं उपरणं घ्या.

शेकायच्या जागी शहाबादी फरशीचा तुकडा टाका. तापमान धरून ठेवते, नखं झिजवते, धुता येते. परदेशी दुकानांतल्या राळेच्या "खडकां"पेक्षा ती कितीतरी बरी, आणि कुठल्याही फरशीवाल्याकडे तुकडा पडलेला असतो. गार बाजूला लपायला एखादं जुनं कौल उपडं ठेवा.

उष्णतेसाठी साधा पांढरा हॅलोजन किंवा पिवळा बल्ब वरून. वीजेवर तापणारे नकली खडक काढून टाका. पोट भाजलं तरी सरड्याला वेळेवर कळत नाही. लाल बल्बही नको, रात्री तर नकोच; रात्री अंधार हवा. फरशीवरचं तापमान ३८ ते ४० अंश, गार टोक २५ ते २८. रात्री आजारी प्राण्याला २० ते २४ ठीक. पेटीला चिकटवायच्या गोल तबकडीच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका. वायरवाला डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत येतो. त्याचं टोक प्राणी जिथे बसतो तिथेच ठेवा.

आता आपल्या गावाचा प्रश्न. एप्रिल-मे मध्ये बाहेर पारा ४२-४४ ला जातो आणि स्लॅबखालची वरची खोली दुपारी ३८ पर्यंत तापते. अशा दिवशी पेटीला गार टोक उरतच नाही. वाळवंटी प्राणी आहे, त्याला काय उन्हाचं, असं म्हणणारे भेटतील. रानात हाच प्राणी दुपारी बिळात किंवा सावलीत जातो. पेटीत त्याला जायला जागा नसते. त्या दिवसांत शेकायचा बल्ब सकाळी आणि संध्याकाळी थोडा वेळच लावा, पेटी तळमजल्यावरच्या किंवा उत्तरेकडच्या खोलीत हलवा. कूलर चालेल, आपली मेमधली हवा इतकी कोरडी असते की थोडा ओलावा काही बिघडवत नाही. वारा मात्र थेट पेटीवर नको. पावसाळ्यात उलट, तेव्हा पेटीतला दमटपणा वाढू देऊ नका, आजारी फुप्फुसांना तो सोसत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे खोली १५ च्या आसपास उतरते. थर्मोस्टॅट लावलेला सिरॅमिक हीटर उत्तम, त्यातून उजेड येत नाही. सोलापुरी चादर पेटीभोवती गुंडाळली तरी दोन-तीन अंशांचा फरक पडतो, पण पेटता बल्ब असताना वरून कधीच नाही. थंडीत बिअर्डी काही आठवडे झोपूनही जातात. धडधाकट प्राण्याला ते चालतं. हडकलेल्याला झोपू द्यायचं नाही, ऊब आणि उजेड देऊन जागं ठेवायचं.

ऊन

यूव्हीबी नसेल तर कातडीत डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी-३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. टी-५ प्रकारची १० किंवा १२ टक्क्यांची रेप्टाइल ट्यूब मिळाली तर पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीवर, प्राण्यापासून ३० ते ४० सेंटिमीटरवर लावा. ती दिसायला पेटती असली तरी सहा महिने ते वर्षभरात तिच्यातले यूव्हीबी संपत आलेले असतात, म्हणून लावल्याची तारीख ट्यूबवरच मार्करनं लिहा. बारीक जाळी बरीच किरणं अडवते आणि काच जवळजवळ सगळी. त्यामुळे खिडकीच्या काचेतून येणारं ऊन हाडांसाठी निरुपयोगी.

खरं ऊन मात्र आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस फुकट आहे, आणि कुठल्याही ट्यूबपेक्षा सरस. लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून गॅलरीत किंवा गच्चीवर न्या. काचपेटी उन्हात नेऊ नका, काही मिनिटांत ती भट्टी होते. पिंजऱ्याच्या निम्म्या भागावर सावली धरा, म्हणजे त्याला हवं तेव्हा सरकता येईल. आपल्याकडे "कोवळं ऊन" चांगलं म्हणतात, पण सूर्य फार खाली असताना यूव्हीबी जवळपास नसतंच. हिवाळ्यात दहा ते साडेअकरा, उन्हाळ्यात साडेआठ ते साडेनऊ अशी वेळ मला व्यवहार्य वाटते. सुरुवात दहा मिनिटांनी, हळूहळू अर्धा तास. शेजारी बसूनच. घार, कावळा आणि मांजर या तिघांनाही गच्ची तुमच्याइतकीच माहीत असते. उन्हात तोंड उघडून बसला तर घाबरू नका, जास्तीची उष्णता तो अशीच सोडतो. सावलीत आणल्यावरही तोंड उघडंच राहिलं तर फुप्फुसाचा त्रास असू शकतो.

पाणी

अंग तापल्यावरच, थंड असताना नाही. पसरट टबात कोमट पाणी, त्याच्या खांद्याच्या खालपर्यंतच, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून एकदा. पाणी गार होऊ लागलं की थोडं गरम मिसळा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातही हे परवडतं, दोन लिटर पुरतात. त्याच टबात बहुतेक वेळा तो शी करतो, म्हणून टब वेगळा ठेवा आणि पाणी संडासात ओता.

अंघोळीत कातडीतून पाणी शिरतं ही समजूत सोडा. प्यायचं ते तोंडानंच. नाकाच्या टोकावर ड्रॉपरनं एकेक थेंब सोडा, बहुतेक जण चाटायला लागतात. दिवसाला वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे २०० ग्रॅमच्या प्राण्याला दोन ते चार मिलि, तेही थोडं थोडं करून. तोंड उघडून सिरिंजनं आत मारू नका. श्वासनलिकेचं भोक जिभेच्या मागेच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं.

विष्ठेसोबत जो पांढरा भाग येतो ती लघवी. मऊ आणि पांढरी दिसू लागली की पाणी पुरतंय. पिवळी-केशरी, खडूसारखी कडक असेल तर अजून वेळ आहे.

खाणं

ऊब आणि पाण्याचे दोन-तीन दिवस गेले, डोळे थोडे वर आले, डोकं उचलून इकडेतिकडे बघायला लागला, मगच खाण्याचा विचार. सुरुवात पातळ खिमटीनं: लाल भोपळा उकडून, त्यात शेवग्याची कोवळी पानं, मिक्सरमधून काढून चहाच्या गाळणीतून गाळायचं. सुई नसलेल्या एक मिलिच्या सिरिंजनं ओठाच्या कडेला लावायचं आणि चाटू द्यायचं. २०० ग्रॅमच्या प्राण्याला पहिल्या दिवशी एक-दोन मिलि बस्स. आठवड्याभरात पाचपर्यंत न्या. शी झाली तरच मात्रा वाढवा. दोन-तीन दिवस काहीच बाहेर आलं नाही तर वाढवायचं नाही, तापमान पुन्हा तपासायचं.

मग अळ्या-किडे. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नको. मीलवर्म नावाच्या अळ्या जाड सालीच्या, आजाऱ्याला जड जातात. सोल्जर फ्लायच्या अळ्यांमध्ये कॅल्शियम भरपूर असतं, मिळाल्या तर त्या आधी. मात्र उन्हाळ्यात पार्सलनं मागवलेले किडे सोलापुरात पोहोचेपर्यंत शिजलेले असतात. माझी पसंती रेशमाच्या अळ्यांना: मऊ, रसदार, पचायला सोप्या. जिल्ह्यात तुतीवर रेशीम घेणारे शेतकरी आहेत. ओळख काढून मूठभर लहान अळ्या मागायच्या. एकच विचारा: त्यांच्यावर निर्जंतुक करायची पावडर धुरळली आहे का? धुरळली असेल तर नको.

घरातली झुरळं नकोत, त्यांनी कुणाच्या तरी घरचं झुरळं मारायचं जेल खाल्लेलं असतं. डाळिंबाच्या बागेतले, उसाच्या फडातले नाकतोडेही नकोत, फवारण्या किती होतात ते आपल्याला माहीत आहे. काजवा तर एकही नको. त्याच्या अंगातलं विष बिअर्डीला मारतं. कोंबडीचे तुकडे, मांजराचं खाणं, दूध, भात, पाव यातलं काहीही नाही.

पाल्यात आपली मंडई चांगली साथ देते. लक्ष्मी मंडईत जे मिळतं त्यातलं शेवग्याचा पाला, लाल भोपळ्याचा कीस, घेवडा, थोडी कोथिंबीर, मोहरीचा पाला मिळाला तर तो. दारातल्या जास्वंदीची पानं आणि फुलं तर बहुतेकांना फार आवडतात. माळावरच्या फड्या निवडुंगाचं काटे आणि बारीक कुसळं जाळून सोललेलं पानही चालतं. मेथी कधीमधी. पालक, चुका, चाकवत आणि बीटचा पाला यांतलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणजे हाडं आधीच मऊ झालेल्याला हेच सगळ्यात वाईट. काकडीत नुसतं पाणी. डाळिंबाचे दाणे आजाऱ्याला नकोत, साखर जास्त आणि बी कडक. कांदा, लसूण, ॲव्होकॅडो कधीच नाही. रुई, कण्हेर, धोतरा यांच्या जवळपासही सोडू नका.

बरा झालेला मोठा बिअर्डी मुख्यतः पाल्यावर जगतो, किडे आठवड्यातून दोन-तीनदा. पिल्लांचं उलट, त्यांना रोज किडे लागतात.

कॅल्शियमसाठी फॉस्फरस नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची पावडर किड्यांवर आणि पाल्यावर चिमूटभर भुरभुरा. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस खरवडून बारीक केला तरी चालतो. पण पानाचा चुना नाही! कॅल्शियम म्हणजे चुना असं सांगणारे शहाणे घरोघरी असतात. तो चुना दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते. माणसांच्या कॅल्शियम-डी-३ च्या गोळ्या कुटूनही देऊ नका, डी-३ जास्त झालं तर मूत्रपिंडात चुनखडी साचते. हाडं वाकलेली असतील तर मात्रा डॉक्टरच ठरवतील. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही, पण कडक होतं, आणि तेवढ्यावर प्राणी सुखानं जगतो.

कात आणि जखमा

बोटांवर आणि शेपटीच्या टोकाला जुनी कात वळ्यासारखी आवळून बसते आणि रक्त अडवते. कोमट पाण्यानंतर मऊ टूथब्रशनं हलकेच चोळा, निघेल तेवढीच काढा, ओढू नका. जखमेवर हळद दाबून भरली की खाली काय चाललंय ते दिसत नाही. पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पाण्यात पातळ करा, त्यानं पुसा. कातडीवर पिवळट-तपकिरी खपल्या पसरत असतील तर बुरशीचा गंभीर आजार असू शकतो, आणि त्याला घरगुती औषध नाही.

डॉक्टर

गावातले बहुतेक पशुवैद्य गायी-म्हशी आणि कुत्र्यांत मुरलेले असतात. आधी फोन करून विचारा, सरपटणारे प्राणी तपासता का म्हणून. नकार आला तरी एक काम तिथेही होतं: विष्ठेची तपासणी. जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी कुणाच्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. ताजी विष्ठा छोट्या स्वच्छ डबीत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, त्याच दिवशी पोहोचवा. जंत निघाले म्हणून लगेच कुत्र्याचं औषध अंदाजानं पाजू नका. हडकलेल्या शरीराला ते झेपत नाही. थोडं वजन आल्यावर, मोजून, डॉक्टरांच्या सांगण्यानं.

परदेशी प्राणी पाहणारे डॉक्टर पुण्यात आहेत. अडीचशे किलोमीटरचा प्रवास आजाऱ्याला सोसवायचा तर गाडीत २५ ते २८ अंश ठेवा, भोकं पाडलेल्या अंधाऱ्या खोक्यात खाली कापड घाला, सकाळी काही खायला देऊ नका, एसीचा झोत खोक्यावर नको. सोबत वही, फोटो आणि शेवटची विष्ठा न्या.

घरच्यांसाठी: या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो. हाताळल्यावर साबणानं हात धुवा, टब आणि भांडी स्वयंपाकघरात धुवू नका. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांना लांबच ठेवा. घरात दुसरा सरपटणारा प्राणी असेल तर तो निदान तीन महिने वेगळ्या खोलीत. दोन बिअर्डी एका पेटीत कधीच नाही. एक खातो आणि दुसरा वाळतो, आणि तुमच्याकडे आलेला बहुधा तो दुसरा असतो.

वजन वाढू लागल्यावर

आठवड्यातून एकदा, सकाळी, खाण्याआधी वजन. पहिली वाढ पाण्याची असते, तिच्यावर भुलू नका. त्यानंतर आठवड्याला दोन-चार ग्रॅम चढत राहिले तरी गाडी रुळावर आहे. ओळीनं दोन आठवडे उतरलं तर पुन्हा विष्ठा तपासा. वाळूची हौस असेल तर ती वजन आणि विष्ठा दोन्ही ठीक झाल्यावर.

ठेवून घेणं जमणार नसेल तर नान्नजच्या माळरानावर सोडण्याचा सल्ला हमखास मिळेल, "तिथे सरडे आहेतच की" म्हणून. नान्नजचं माळढोक अभयारण्य हे आपल्या इथल्या प्राण्यांचं घर आहे. पिंजऱ्यात वाढलेला परदेशी सरडा तिथे एकतर ससाण्याच्या पोटात जाईल किंवा आपले जंत आणि बुरशी तिथल्या सरड्यांना देईल. माहीतगार, पेटी आधीच तयार असलेला माणूस शोधा. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम गेल्या काही वर्षांत बदलले आहेत, म्हणून देण्याआधी आणि स्वतः ठेवणार असाल तरीही वन विभागाच्या कार्यालयात जाऊन सध्याचा नियम विचारून घ्या, मूळ मालकाकडून खरेदीची पावती किंवा निदान हातानं लिहिलेलं पत्र घ्या. प्राणी सुपूर्द करताना वजनाची वही, विष्ठेचे अहवाल आणि ट्यूब लावल्याची तारीख सोबत द्या.